चॅरिझार्ड भारी आहे, पण तितका नाही

ज्यांना इअरफोन लावून ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, आकडे नीट लिहिलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

मागच्या भागानंतर साकोलीकडच्या एका अकरावीतल्या श्रोत्याची व्हॉइस नोट आली. "दादा, पोकेमॉन गोमध्ये सव्वादोन लाख स्टारडस्ट जमलं. चॅरिझार्डला लावून टाकू का? सगळे मित्र लाव म्हणून राहिले." प्रश्न एका ओळीचा आहे, पण त्याच्या मागे बरंच काही दडलंय. म्हणून आजचा विषय: सगळ्यांचे लाडके आणि लायकीपेक्षा जास्त डोक्यावर घेतलेले पोकेमॉन.

आधी एक गोष्ट साफ करतो, नाहीतर मेसेजमध्ये शिव्या येतील. ओव्हररेटेड म्हणजे वाईट नव्हे. आपण एखाद्याला जी किंमत देतो आणि तो लढाईत जे काम करून दाखवतो, त्यातलं अंतर म्हणजे ओव्हररेटेड. आवडायला कुणाचीच हरकत नाही. मलाही चॅरिझार्ड आवडतो. प्रश्न स्टारडस्टचा आहे.

आता हे प्रेम आलं कुठून? जपानमध्ये १९९६ साली मुलं गेमबॉयवर गेम खेळली आणि मग त्यांना कार्टून मिळालं. आपल्याकडे उलटं झालं. २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन हिंदीत सुरू झालं. तेव्हा लाखनीत कुणाकडे निन्टेन्डोचं मशीन असणं शक्यच नव्हतं. गेम आपण फार नंतर खेळलो, तोही संगणकावर नाहीतर मोबाईलवर इम्युलेटर टाकून. फायररेड, एमराल्ड, हीच ती नावं. तोवर कोण भारी आणि कोण फालतू हे टीव्हीनं आपल्या डोक्यात पक्कं करून टाकलं होतं. शाळेजवळच्या जनरल स्टोअरमध्ये जे नकली पत्ते मिळायचे, त्यातही एका चॅरिझार्डसाठी पोरं पाच-सहा पत्ते द्यायला तयार असायची.

आणि गंमत बघा. टीव्हीवरचा ॲशचा चॅरिझार्ड त्याच्या पहिल्या मोठ्या स्पर्धेत, इंडिगो लीगमध्ये, रिचीसमोर लढायलाच तयार झाला नाही. सरळ लोळून पडला आणि ॲश हरला. पुढे तो सुधारला, आर्टिकुनोलाही हरवलं, हे मान्य. पण ज्याच्या नखऱ्यामुळे सामना गेला तोच आपल्याला सगळ्यात ताकदवान म्हणून लक्षात राहिला.

आता गेममध्ये येऊ. चॅरिझार्ड दिसतो ड्रॅगन, पण त्याचा प्रकार आहे आग आणि उडणारा. हे दोन प्रकार एकत्र आले की दगडाचा हल्ला चौपट लागतो. पहिल्याच रेड आणि ब्लू गेममध्ये तर त्याला 'फ्लाय' ही चाल शिकताच यायची नाही. पाठीवर एवढे मोठे पंख, आणि उडता येत नाही! ती चूक यलो गेममध्ये दुरुस्त झाली. शिवाय चारमँडर घेऊन गेम सुरू केला की पहिली जिम दगडाची, दुसरी पाण्याची. बुलबासॉर घेणारा पोरगा दोन्ही जिम हसत पार करतो, आणि आपण झुडपात तासभर लेव्हल वाढवत बसतो.

खरा मार बसला २००६ मध्ये. डायमंड आणि पर्ल या गेममध्ये 'स्टेल्थ रॉक' नावाची चाल आली. समोरच्यानं ती एकदा टाकली की तुमच्या बाजूला टोकदार दगड तरंगत राहतात, आणि तुमचा जो पोकेमॉन मैदानात येईल त्याला येतानाच लागतात. किती लागतात ते त्याच्या प्रकारावर अवलंबून. साध्या पोकेमॉनचा आठवा हिस्सा जीव जातो. चॅरिझार्डचा अर्धा. म्हणजे तो एकदा आला, परत गेला, पुन्हा आला की संपला, समोरच्यानं एकही हल्ला न करता. स्पर्धा खेळणाऱ्यांनी त्या काळात त्याला जवळजवळ सोडूनच दिलं होतं.

मग तो परत कसा आला? इथे मला गेम कंपनीचं वागणं फार रोचक वाटतं. २०१३ मध्ये मेगा इव्होल्यूशन आलं तेव्हा व्हीनसॉरला एक मेगा रूप, ब्लास्टॉइजला एक, आणि चॅरिझार्डला दोन, एक्स आणि वाय. एक्समध्ये तर त्याला अखेर ड्रॅगन प्रकारही देऊन टाकला. २०१९ मध्ये स्वोर्ड आणि शील्ड आले. त्यात चॅम्पियनच्या हाताशी चॅरिझार्ड, त्याला अवाढव्य जायगँटामॅक्स रूप, आणि बुलबासॉर-स्क्वर्टलच्या घराण्यांना पुढच्या वर्षीच्या विस्ताराची वाट पाहावी लागली. त्याच गेममध्ये एक जाड बुटांची वस्तू आली, ती घातली की स्टेल्थ रॉक लागतच नाही. ते बूट सगळ्यांसाठी होते, पण सर्वात जास्त फायदा कुणाचा झाला ते सांगायला नको. पोकेमॉन गोमध्येही मे २०१८ च्या कम्युनिटी डेला त्याला 'ब्लास्ट बर्न' मिळाली आणि ऑक्टोबर २०२० च्या दुसऱ्या कम्युनिटी डेला 'ड्रॅगन ब्रेथ'.

याला मी सबसिडी म्हणतो. लोकांना आवडतो म्हणून कंपनी त्याला ताकद पुरवते, आणि ती ताकद बघून लोक म्हणतात, बघा, आम्ही सांगत होतो ना! १९९९ च्या पहिल्या आवृत्तीचा चॅरिझार्डचा एक उत्तम स्थितीतला पत्ता २०२२ मध्ये ४ लाख २० हजार डॉलरला विकला गेला. ज्या प्राण्याच्या नावावर एवढा पैसा फिरतो त्याला कंपनी दुबळा राहू देईल का?

पण सगळेच लाडके पोकळ असतात असंही नाही. २०२० मध्ये पोकेमॉन कंपनीनं जगभरातल्या चाहत्यांचं मत घेतलं. पहिला आला ग्रेनिन्जा, दुसरा ल्युकारिओ, तिसरा मिमिक्यू, चौथा चॅरिझार्ड. यातला ग्रेनिन्जा खरंच दादा माणूस आहे. त्याची 'प्रोटियन' नावाची क्षमता अशी की जी चाल मारेल त्या प्रकारचा तो स्वतः होतो. एक काळ तो इतका जड गेला की स्मोगॉन या स्पर्धकांच्या समुदायानं त्याला नेहमीच्या गटातून उचलून वरच्या, बंदीवाल्या गटात टाकलं. पुढे कंपनीलाही ती क्षमता कमी करावी लागली. म्हणजे तो लोकप्रिय आहे आणि त्याची किंमतही बरोबर लावली आहे. पिकाचूचं तर बोलायलाच नको. त्याच्या सगळ्या आकड्यांची बेरीज ३२०, आणि त्याचा हल्ला दुप्पट करायला कंपनीनं खास त्याच्यासाठी 'लाइट बॉल' ठेवलाय. पिकाचू दुबळा आहे हे सगळ्यांनाच माहीत आहे. त्याला ताकदीसाठी कुणी घेत नाही, त्यामुळे फसतही नाही.

फसतो तो आकडा बघून. पोकेमॉन गोमध्ये प्रत्येकाच्या डोक्यावर सीपी नावाचा आकडा दिसतो, आणि आपण तो परीक्षेच्या टक्क्यांसारखा वाचतो. जास्त म्हणजे हुशार. याचं सगळ्यात मजेदार उत्तर म्हणजे स्लेकिंग. त्याचा सीपी ४००० च्या पार जातो. पण त्याची साधी चाल एकच, 'यॉन', म्हणजे जांभई. ती मारून समोरच्याचं शून्य नुकसान होतं. म्हणजे कागदावर पहिलवान आणि आखाड्यात जांभया.

आता थोडं गणित. घाबरू नका, दहावीचं वर्गमूळ आलं तरी पुरे. मी दिवसभर कोडच लिहितो, त्यामुळे मला गेमपेक्षा त्याच्या आतलं सूत्र जास्त आवडतं. हे सूत्र खेळाडूंनी फार पूर्वीच शोधून काढलंय.

प्रत्येक पोकेमॉनचे तीन मूळ आकडे असतात: हल्ला, बचाव आणि जीव. सीपी काढताना हल्ला पूर्ण धरतात, पण बचाव आणि जीव यांचं वर्गमूळ घेतात. तिघांचा गुणाकार करायचा, मग लेव्हलप्रमाणे वाढणाऱ्या एका गुणकाच्या वर्गानं गुणायचं आणि दहानं भागायचं. झालं. आता नीट लक्ष द्या. हल्ला दुप्पट झाला की सीपी दुप्पट होतो. पण सीपी दुप्पट करायला बचाव एकटा वाढवायचा असेल तर तो चौपट लागतो. म्हणजे सीपी हा आकडा हल्ल्याकडे झुकलेला आहे. ज्याचा हल्ला मोठा, त्याचा सीपी फुगलेला दिसतो.

जिथे सीपीची मर्यादा नाही तिथे हे चालून जातं. पण डिसेंबर २०१८ मध्ये खेळाडूंच्या आपसातल्या लढती आल्या आणि २०२० मध्ये बॅटल लीग. तिथल्या ग्रेट लीगचा नियम असा की १५०० सीपीच्या वर कुणालाच प्रवेश नाही. इथे सगळं चित्र पालटतं. आता मोठा हल्ला म्हणजे खर्च. मर्यादित बजेटमध्ये तुम्ही महागडी वस्तू घेतली की बाकीच्या पिशवीत काही उरत नाही, तसं.

उदाहरण घेऊ. पोकेमॉन गोमध्ये चॅरिझार्डचे मूळ आकडे: हल्ला २२३, बचाव १७३, जीव १८६. समोर घेऊ अझुमरिल, म्हणजे तो निळा, गोल, सशासारखे कान असलेला, ज्याला बघून कुणी घाबरत नाही. त्याचे आकडे: ११२, १५२ आणि २२५. हल्ला बघा, चॅरिझार्डच्या बरोबर अर्धा. दोघांचेही वैयक्तिक गुण पूर्ण, म्हणजे १५-१५-१५ धरले आणि दोघांना १५०० सीपीला आणून उभं केलं, तर प्रत्यक्ष लढाईत काय होतं? चॅरिझार्डचा हल्ला साधारण १३५, बचाव १०७, जीव ११४. अझुमरिलचा हल्ला ९८, बचाव १२८, जीव १८४.

चॅरिझार्डचा हल्ला जवळजवळ १.४ पट आहे, कबूल. पण मैदानात किती वेळ टिकतो ते बचाव आणि जीव यांच्या गुणाकारावर ठरतं. तो काढला तर अझुमरिल १.९ पटीहून जास्त टिकतो. ही काही योगायोगाची गोष्ट नाही, सूत्रातूनच येते. सीपी सारखा ठेवला तर हल्ल्यात जितक्या पटीनं कमी, त्या पटीच्या वर्गाइतकं टिकणं जास्त. १.४ चा वर्ग १.९६. मी पहिल्यांदा हे वहीत मांडलं तेव्हा बराच वेळ बघतच राहिलो, इतकं ते साफ आहे. बॅटल लीग सुरू झाल्यापासून कित्येक सीझन हा गोलमटोल प्राणी ग्रेट लीगमध्ये का ठाण मांडून बसला होता, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं त्याच्या पाणी आणि परी या प्रकारात. पाण्यानं चॅरिझार्ड विझतो, आणि ड्रॅगनचा हल्ला परीला नीट लागतच नाही.

(नागझिऱ्यातही असंच चालतं ना. सफारीत वाघ नाही दिसला की पैसे फुकट गेले म्हणतात. समोर रानकुत्र्यांची आख्खी टोळी चितळामागे लागलेली असली तरी ड्रायव्हरला सांगतात, भाऊ, घ्या गाडी पुढे.)

आता मुद्दा आपल्या गावांचा. पोकेमॉन गो भारतात अधिकृतपणे आला तो डिसेंबर २०१६ मध्ये, रिलायन्स जिओच्या साथीनं. जिओ स्टोअर आणि रिलायन्स डिजिटलची दुकानं पोकेस्टॉप नाहीतर जिम झाली. शहरातल्या पोराला मॉलमध्ये एक चक्कर मारली की पिशवी भरते. लाखनीत महामार्गाच्या दोन्ही बाजूंना पायपीट केली तरी स्टॉप मोजकेच. पोकेमॉनही कमी निघतात, चेंडूही जपून वापरावे लागतात. त्यामुळे आपल्यासाठी स्टारडस्ट हा खरा पैसा आहे.

हिशोब करू. एखाद्या पोकेमॉनला लेव्हल २० वरून ४० ला न्यायला २ लाख २५ हजार स्टारडस्ट आणि २४८ कँडी लागतात. साधा, उत्क्रांत न झालेला पोकेमॉन पकडला की मिळतात १००. म्हणजे नुसतं पकडून २,२५० पोकेमॉन. संध्याकाळच्या फेरीत वीस मिळतात असं धरा, ते मिळाले तर, तरी जवळजवळ चार महिने. अंडी, हवामानाचा बोनस, लढतींचं बक्षीस धरलं तर कमी होईल, पण कष्टाची जात तीच राहते. साकोलीच्या त्या भावाकडे हेच चार महिने जमलेले आहेत, आणि ते सगळे तो एकाच चॅरिझार्डवर टाकायला निघालाय. त्यातून त्याला मिळेल काय? २८८९ सीपी, तेही वैयक्तिक गुण पूर्ण असले तर. तो घेऊन मास्टर लीगमध्ये गेला तर समोर ड्रॅगोनाइट आणि मोठमोठे लेजेंडरी उभे. गोमध्ये दुबळ्या बाजूवरचा हल्ला १.६ पट लागतो, आणि दगडासमोर चॅरिझार्डच्या दोन्ही बाजू दुबळ्या, म्हणजे २.५६ पट. एका दगडवाल्यानं दोन चाली मारल्या की चार महिन्यांची सुट्टी.

माझं सरळ उत्तर असं. चॅरिझार्ड हवाच असेल तर ग्रेट लीगला ठेव. तिथे तो १५०० ला लेव्हल १८ च्या आसपासच पोचतो. रानात पकडलेला चारमँडर थेट उत्क्रांत केला की जवळपास फुकटात काम झालं, आणि ड्रॅगन ब्रेथ असेल तर तो तिथे खेळवण्यासारखा आहे, वाईट नाही. त्याच्यावर दोन लाख घालू नको.

मग अझुमरिल? इथे मी तुम्हाला फसवणार नाही. तोही स्वस्त नाही. त्याचे मूळ आकडे लहान, म्हणून १५०० ला पोचायला त्याला लेव्हल ३६ पर्यंत न्यावं लागतं. लेव्हल २० ला पकडला असेल तर दीड लाखाच्या वर स्टारडस्ट. पावसात पकडलेला चांगल्या लेव्हलचा मरिल मिळाला तर खर्च बराच उतरतो, आणि उत्क्रांतीला कँडी फक्त २५. पण घाईनं बनवायचा प्राणी नव्हे तो.

घाई असेल त्यांनी लँटर्न किंवा व्हिस्कॅश बघा. दोन्ही पाण्याचे, दोघांचाही जीव भरपूर, दोघेही लेव्हल २५ च्या जवळ १५०० गाठतात. २० पासून धरलं तर तीस-पस्तीस हजारात एक तयार. म्हणजे त्या सव्वादोन लाखांत अशा पोकेमॉनच्या दोन पूर्ण टीम उभ्या राहतात. इथे आपल्या जिल्ह्याचं भाग्य बघा. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. गावोगावचे मालगुजारी तलाव, आपण ज्यांना मामा तलाव म्हणतो, ते काही गेमसाठी खोदले नव्हते, धानासाठी खोदले होते. पण पोकेमॉन गोचा नकाशा २०१७ च्या शेवटापासून ओपनस्ट्रीटमॅपवर चालतो, आणि पाण्याजवळ पाण्याचे पोकेमॉन जास्त निघतात. शहरातल्याला मॉल मिळाला, आपल्याला तलावाची पाळ मिळाली. ग्रेट लीगच्या दृष्टीनं हा सौदा वाटतो तितका वाईट नाही. वर बॅटल लीगला ना स्टॉप लागतो ना जिम. घरी खाटेवर बसून दिवसाला पाच सेट खेळा, जिंकाल तसं स्टारडस्टही मिळतं. नेटवर्क गेलं तर मात्र माझ्याकडे इलाज नाही.

मरिलबद्दल एक गोष्ट राहिली. १९९८ मध्ये पहिल्या पोकेमॉन सिनेमाबरोबर जी छोटी फिल्म लागली होती, त्यात हा निळा प्राणी पहिल्यांदा दिसला. तेव्हा दुसऱ्या पिढीचा गेम यायचा होता, त्यामुळे कुणालाच त्याचं नाव माहीत नव्हतं. पोरांनी आपणच नाव ठेवलं, पिकाब्लू. रेड-ब्लूमध्ये पिकाब्लू कसा मिळवायचा याच्या अफवा जगभर फिरल्या, सगळ्या खोट्या. काही महिने तो कुणी न पाहिलेला सुपरस्टार होता. गेम आला, नाव मरिल निघालं, ताकद बेताची निघाली, आणि सगळे विसरून गेले. पुढे त्याच्या मोठ्या रूपाला आधी हल्ला दुप्पट करणारी 'ह्यूज पॉवर' मिळाली, मग २०१३ मध्ये परीचा प्रकार मिळाला, आणि विसरलेला हा प्राणी गुपचूप मोठमोठ्यांना आडवं करायला लागला. त्याचा पत्ता मात्र आजही कुणी लाखांत घेत नाही.

जाता जाता दोन कामाच्या गोष्टी. एक, रेडमध्ये आगीचा हल्ला हवा असेल तर मेगा चॅरिझार्ड वाय खरंच वरच्या रांगेतला आहे. तुमच्या गटात रेड खेळणारे लोक असतील, म्हणजे नागपूर-भंडाऱ्याला जाणं-येणं असेल, तर एक चांगला चॅरिझार्ड वाढवणं मला मान्य आहे. दोन, ग्रेट लीगसाठी पकडताना तीन तारे बघून खूश होऊ नका. वरचं सूत्र आठवा, हल्ला महाग पडतो. म्हणून तिथे बहुतेक वेळा ज्याच्या हल्ल्याचा पट्टा रिकामा आणि बचाव-जीवाचे पट्टे भरलेले, तोच उत्तम. असे पोकेमॉन आपण दोन तारे दिसले म्हणून धडाधड ट्रान्सफर करत असतो. आज रात्री ट्रान्सफरचं बटण दाबायच्या आधी एकदा पट्टे उघडून बघा, आणि त्यात एखादा मरिल, चिंचू किंवा बारबोच सापडला तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात त्यांच्या चाली बघू.